कादंबरीचा सातबारा

समजा, चोपड्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. सहा वर्षे खपून त्यांनी कादंबरी लिहिली. डीटीपी झाले, दोनदा प्रुफे तपासून झाली. आता हस्तलिखित पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवायचे, तर भाच्याने विचारले, "मावशी, कॉपीराइट केला का?" झाले! त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितले, की बाड स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवा आणि पाकीट फोडू नका. बँकेतल्या ओळखीच्याने स्टॅम्पपेपरवर नोटरी सुचवली. डीटीपीवाला म्हणाला, आयएसबीएन घेतला की काम झाले. आणि एक एजंट भेटला. दिल्लीचे काम आहे, सोपे नाही, म्हणत त्याने खर्चाचा आकडा सांगितला.

चौघांचेही हेतू चांगले असतील, पण घोळ भाच्याच्या क्रियापदातच आहे. कॉपीराइट 'करत' नाहीत. मराठीत ज्याला आपण लेखाधिकार किंवा स्वामित्वहक्क म्हणतो, तो कादंबरी लिहिली जाते तेव्हाच जन्मतो. वही कोऱ्या कागदाची असो की शाळेची उरलेली, मजकूर मोबाइलवर टिपलेला असो की संगणकावर. तो लेखिकेचा स्वतःचा असला, म्हणजे झाले. त्यासाठी अर्ज, शुल्क, शिक्का काही लागत नाही. करायची असते ती फक्त त्या हक्काची नोंद, आणि तीही ऐच्छिक.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

खानदेशातल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. घरोघरी सातबारा असतो. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून जमीन आपली होत नाही. ती आधी खरेदीने, वारसाने किंवा वाटणीने आपली झालेली असते. तलाठ्याच्या दप्तरातली नोंद ही त्या मालकीची खूण असते. महसुली नोंदीमुळे मालकी हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तरीही सातबारा निरुपयोगी आहे असे रावेर-यावलचा एकही शेतकरी म्हणणार नाही. बांधाचा वाद उभा राहिला की पहिला कागद तोच काढतात, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर पडते.

दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातले रजिस्टर हा नेमका असाच कागद आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या ४४ व्या कलमाने हे रजिस्टर ठेवले जाते, ४५ व्या कलमाने त्यात नोंदीसाठी अर्ज करता येतो आणि ४८ वे कलम सांगते, की ही नोंद म्हणजे तीत लिहिलेल्या तपशिलाचा प्रथमदर्शनी पुरावा. 'प्रथमदर्शनी' या शब्दावर बोट ठेवून वाचायला हवे. समोरच्याने आधीच्या तारखेची वही, जुने ईमेल, मासिकात छापून आलेले प्रकरण दाखवले तर नोंद डळमळू शकते. आणि जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद याच कायद्यात आहे.

नोंदणी ऐच्छिक असणे ही सरकारची मेहेरबानी नाही. त्यामागे इतिहास आहे. कंपनी सरकारने १८४७ मध्ये या देशासाठी कॉपीराइटचा पहिला कायदा केला, तेव्हा नोंदणीशिवाय दावा लावता येत नसे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी १८५७ ची, म्हणजे त्याच राजवटीतली. पुढे १८८६ मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. लेखकाचा हक्क कोणत्याही सोपस्कारावर अवलंबून असता कामा नये, हे तत्त्व त्या करारात कालांतराने पक्के झाले. १९१४ चा भारतीय कायदा त्याच वळणावर गेला, १९२८ मध्ये भारत त्या कराराचा सदस्य झाला आणि 'यमुनापर्यटन'नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, स्वतंत्र भारताने आपला कायदा केला. तोच आज, अनेक दुरुस्त्यांसह, चालू आहे.

तरीही न्यायालयांत गोंधळ राहिलाच. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात म्हटले गेले, की दावा लावायचा तर नोंदणी हवीच. त्या निकालामुळे अनेक वकिलांनी आपल्या अशिलांना दिल्लीकडे धाडले. मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'संजय सोया' प्रकरणात तो अर्थ खोडून काढला: नोंदणी नसली तरी दावा चालतो. गंमत अशी, की लेखकांना दिलासा देणारा हा वाद कादंबरीचा नव्हता. खाद्यतेलाच्या वेष्टनावरच्या लेबलाचा होता.

मग बाईंनी नोंदणी करावी की नाही? हस्तलिखित चार-पाच जणांच्या हातांतून जाणार असेल, चित्रपट किंवा मालिकावाल्यांना दाखवायचे असेल, स्पर्धेला पाठवायचे असेल, तर करावी. शुल्क जेवढे आहे त्या मानाने हा पुरावा स्वस्त आहे.

चौदा नंबरचा फॉर्म

देशात कॉपीराइट कार्यालय एकच, दिल्लीत द्वारका येथे. ते २०१६ पासून वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. त्याआधी मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होते. मात्र त्यासाठी भुसावळहून गाडी पकडावी लागत नाही. कार्यालयाच्या पोर्टलवर खाते उघडून अर्ज करता येतो.

अर्ज २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या फॉर्म चौदाचा. कादंबरी ही 'साहित्यकृती' या वर्गात येते आणि तिचे शुल्क एका कृतीला ५०० रुपये आहे. चित्रपटाला हेच शुल्क ५,००० रुपये आहे. एजंटाने सांगितलेल्या आकड्याशी हे ५०० ताडून पाहावेत. उरलेला पैसा फॉर्म भरण्याचा मेहनताना आहे. तो द्यायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

फॉर्मसोबत दोन तपशीलपत्रके असतात. पहिल्यात अर्जदाराचे नाव-पत्ता-राष्ट्रीयत्व, कृतीचे शीर्षक, भाषा, लेखकाचे नाव, कृती प्रकाशित आहे की अप्रकाशित, प्रकाशित असेल तर प्रथम प्रकाशनाचे वर्ष, देश आणि प्रकाशक, असे रकाने आहेत. बहुतेकांचा पाय अडखळतो तो दोन ठिकाणी. एक, 'अर्जदाराचा कृतीत काय हितसंबंध?' स्वतःच लिहिली असेल तर 'लेखक' एवढेच पुरते. दोन, 'हक्क कोणाकोणाकडे, किती प्रमाणात?' इथे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आधी केलेल्या करारांची आठवण ठेवावी लागते. दुसऱ्या पत्रकात विचारतात, की कृती स्वतंत्र आहे, भाषांतर आहे की रूपांतर. एखाद्या इंग्रजी कादंबरीवरून स्फुरलेली अहिराणी कादंबरी असेल, तर 'स्फुरलेली' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न लेखकाने या रकान्यापाशी स्वतःला विचारायचा असतो.

कृती प्रकाशित असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर त्याचे ना-हरकत पत्र लागते. वकिलामार्फत अर्ज केला तर वकीलपत्र. म्हणून नोंदणी करायचीच असेल तर छापण्याआधी केलेली सोयीची: लेखक एकटा, कागद कमी. पुढे पुस्तक निघाले की प्रकाशनाचा तपशील रजिस्टरमध्ये चढवण्यासाठी फॉर्म पंधरा आहे, शुल्क २०० रुपये. शेताच्या भाषेत बोलायचे तर हा फेरफार.

अर्ज दाखल झाला की डायरी क्रमांक मिळतो. हा म्हणजे नोंदणी क्रमांक नव्हे, केवळ पोच. 'डायरी नंबर आला, कॉपीराइट मिळाला' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्यानंतर ३० दिवस थांबायचे, कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून. ज्याचा त्या कृतीत हितसंबंध आहे अशा प्रत्येकाला अर्जाची नोटीस देण्याची जबाबदारी अर्जदाराचीच आहे. हरकत आली तर दोन्ही बाजूंना म्हणणे मांडायची संधी मिळते. आली नाही तर परीक्षक कागद तपासतो. काही चुकले असेल तर त्रुटी कळवणारे पत्र येते आणि त्याला मुदतीत उत्तर द्यावे लागते. अनेकांचे अर्ज इथेच पडून राहतात, कारण पत्र ईमेलवर येते आणि ईमेल भाच्याचा असतो. सगळे जुळले की रजिस्टरमध्ये नोंद होते आणि प्रमाणपत्र मिळते. साहित्यकृतीच्या क्रमांकाची सुरुवात 'एल' या अक्षराने होते. या सगळ्याला काही महिने लागतात. तोवर छपाई थांबवण्याचे मात्र कारण नाही. हक्क आधीपासूनच आहे.

आता बाईंना मिळालेल्या सल्ल्यांचे काय? स्वतःला पाठवलेल्या पाकिटाला आपल्या कायद्यात वेगळा दर्जा नाही. शिक्क्याची तारीख फार तर इतर पुराव्यांच्या जोडीला येईल. नोटरीचेही तेच. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, दुकानदार आणि ग्रंथालयांच्या सोयीसाठी. तो भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि मालकीबद्दल अवाक्षर काढत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवायची असते. मुंबईत ती एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जाते. तीही कॉपीराइटची नोंद नव्हे. आणि पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरचे 'सर्व हक्क सुरक्षित' हे वाक्य छापले नाही, तरी हक्क सुरक्षितच असतात.

बांध कुठे घालायचा?

सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते. बांध कुठवर, हे मोजणीत कळते. कादंबरीची मोजणी कशी करायची?

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली. खानदेशातल्या खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, बिनसतो, परततो. हा विषय नेमाड्यांच्या मालकीचा आहे का? नाही. उद्या शिरपूरच्या एखाद्या मुलाने वसतिगृहात बसून त्याच धाटणीच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली तर त्याला कोणी अडवू शकत नाही. पण पांडुरंग सांगवीकर, त्याचे प्रसंग, त्या प्रसंगांची गुंफण, ती वाक्ये हे 'कोसला'चे आहे. कल्पना सगळ्यांची, मांडणी ज्याची त्याची. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या प्रकरणात हेच सांगितले. आनंद यांचे म्हणणे होते, की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून उचलला आहे. प्रांतवादाचा विषय दोन्हीत होता, पण मांडणी पुरेशी वेगळी होती, आनंद हरले.

शीर्षकाचेही तसेच. नव्या लेखकाला सगळ्यात जास्त भीती शीर्षक चोरीला जाण्याची असते, आणि नेमके तेच कॉपीराइटमध्ये येत नाही. श्याम देवकट्टा यांनी 'देसी बॉईज' नावाच्या कथेचा सारांश २००८ मध्ये चित्रपट लेखकांच्या संघटनेकडे नोंदवला होता. पुढे त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा ते न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नाही. संघटनेकडची नोंद तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती दिल्लीच्या रजिस्टरमधली नोंद नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक बांध बरेच जण विसरतात. मुखपृष्ठाचे चित्र ही चित्रकाराची स्वतंत्र कृती आहे. प्रस्तावना ज्याने लिहिली, ती त्याची. कादंबरी नोंदवली म्हणून हे दोन्ही लेखिकेच्या नावावर चढत नाही. उलट, डीटीपी करणारा, प्रुफे वाचणारा किंवा तोंडी सांगितलेले लिहून घेणारा लेखक ठरत नाही.

खरेदीखत की बटाई?

इथपर्यंतचा मजकूर वाचून कोणी ५०० रुपये भरून निर्धास्त झोपेल, तर त्याने अर्धेच ऐकले. लेखकाचा हक्क रस्त्यावरचा चोर क्वचितच नेतो. बहुतेक वेळा तो लेखक स्वतःच्या सहीने देऊन टाकतो, आणि काय दिले हे त्याला वर्षांनंतर कळते.

शेत दुसऱ्याला दोन तऱ्हांनी देता येते. खरेदीखत करून दिले तर शेत गेले. बटाईने किंवा नफ्याने दिले तर शेत आपलेच. कसणारा दुसरा, आणि हंगाम संपला की परत. कॉपीराइटमध्येही हेच दोन मार्ग आहेत: हक्क हस्तांतरित करणे किंवा केवळ परवाना देणे. करारात 'या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' असे एक वाक्य आले की खरेदीखत झाले म्हणायचे, मग वर 'मानधन' लिहिलेले असो की 'रॉयल्टी'. 'पहिल्या आवृत्तीच्या एवढ्या प्रती छापण्याचा हक्क' असे लिहिले तर ती बटाई.

एकोणिसावे कलम इथे लेखकाच्या बाजूने उभे राहते. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती रॉयल्टी, हे त्यात लिहायला हवे. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि घेणाऱ्याने हक्क मिळाल्यावर वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही लिहिले नसेल, त्या वापरापुरता तो हक्क लेखकाकडे परत येतो. हस्तलिखित तीन-तीन वर्षे प्रकाशकाच्या कपाटात पडून राहिल्याचे रडगाणे साहित्य संमेलनाच्या मांडवात नेहमी ऐकू येते. त्या प्रत्येकाने करार काढून ही ओळ पाहावी. करार झालेलाच नसेल तर प्रश्नच नाही. हक्क कुठे गेलाच नव्हता.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यवसायात आलेले नव्हते, त्याचे हक्क त्या करारात आपोआप गेले असे धरता येत नाही. तसा स्पष्ट उल्लेख हवा. श्राव्य पुस्तके आणि मोबाइलवरच्या कथामालिकांच्या काळात ही तरतूद सोन्यासारखी आहे. म्हणून नवा करार करताना छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर, नाटक आणि चित्रपट अशी एकेक ओळ वेगळी लिहून घ्यावी. जे द्यायचे तेवढेच द्यावे. कादंबरीचा अहिराणी अनुवाद करण्याचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. गावातल्या मित्राने हौसेने अनुवाद केला, तरी छापताना लेखी परवानगी हवी. आणि अनुवाद झाला की त्या अनुवादावर अनुवादकाचा आपला वेगळा हक्क उभा राहतो.

खानदेशात अनेक पुस्तके लेखकाच्या पदरच्या पैशाने निघतात. पैसे देणारा लेखक आणि 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' अशी ओळ छापणारा प्रकाशक, हे चित्र विचित्र असले तरी दुर्मीळ नाही. आधी हक्काची सही झालेली नसेल तर नुसत्या छापील ओळीने मालकी बदलत नाही. तरी ती ओळ प्रुफातच खोडावी. आणि नोकरीत असताना कादंबरी लिहिली म्हणून ती संस्थेची होते का, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. नोकरीचा भाग म्हणून जे लिहिले जाते त्यावर मालकाचा हक्क येऊ शकतो. रात्री जागून लिहिलेली कादंबरी ही काही शाळेच्या कामाचा भाग नव्हे.

अमळनेर, आसोदे आणि साठ वर्षे

हा हक्क टिकतो किती? लेखक जिवंत असेपर्यंत, आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ मध्ये निधन पावलेल्या रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क संपायला आला, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांनी वाढवली.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. साठ वर्षे मोजायची ती १ जानेवारी १९५१ पासून. म्हणजे २०१० संपले आणि 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. त्यानंतर कितीतरी प्रकाशकांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये केलेल्या चित्रपटाच्या वेळी हक्क जिवंत होते; २०२३ मध्ये त्याच पुस्तकावरून नवा चित्रपट आला तेव्हा ते उरले नव्हते.

आसोद्याच्या बहिणाबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकामात त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तसे लिहून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह निघाला. आता लेखक कोण? लिहून घेणारा नव्हे, रचणारी. आणि मुदत कुठून मोजायची? कायद्यात मरणोत्तर प्रकाशित कृतींसाठी वेगळे कलम आहे: तिथे साठ वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून धरतात. १९५२ ला प्रकाशन, म्हणजे २०१२ अखेर मुदत संपली. संग्रह आणखी दहा वर्षे ट्रंकेत राहिला असता, तर हक्कही दहा वर्षे पुढे गेला असता.

यात आजच्या लेखकासाठी धडा आहे. लेखकामागे त्याच्या पुस्तकांचे वारस लागतात, शेताला लागतात तसेच. मृत्युपत्र नसेल तर हक्क सगळ्या वारसांत वाटला जातो आणि पुढची आवृत्ती काढायला पुणे, सुरत आणि अमेरिकेतल्या भावंडांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. एक छोटी सोय कायद्याने ठेवली आहे. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिले, तर वेगळा उल्लेख नसल्यास त्याचा कॉपीराइटही त्याच माणसाला दिला असे समजतात.

नाममुद्रा

पैशाचा हक्क विकता येतो. पण ५७ व्या कलमाने लेखकाला दिलेला एक हक्क खरेदीखतानेही जात नाही: कृतीला आपले नाव असण्याचा, आणि आपले नाव खराब होईल अशी तिची मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून चित्रपट झाला, तेव्हा हक्क विकलेले असूनही त्या मोडतोडीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांचा हा हक्क मान्य केला.

मराठी माणसाला ही कल्पना बाहेरून शिकावी लागली नाही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते आहेत. ती पाहताना लक्षात येते, की छपाईपूर्वी ग्रंथाची नक्कल करणे ही चोरी नव्हती, सेवा होती. कवीला नक्कल चालत असे. नाव बदललेले चालत नसे. म्हणून तर अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा देहूचा सालोमालो आजही आठवतो तो त्यामुळेच. नावाचा हक्क आपल्याकडे पैशाच्या हक्काहून जुना आहे.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी मात्र थोडे जपावे. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, आणि मूळ नाव कोणापासून लपलेले नव्हते. पण खरे नाव कुठेच उघड न करता टोपणनावाने पुस्तक काढले, तर साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजतात. रजिस्टरमध्ये टोपणनावाबरोबर खरे नाव देणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

चोरी झाली तर

कोणी कादंबरीची पीडीएफ गटागटांतून फिरवली, प्रकरणे उचलून आपल्या नावावर छापली, तर? दिवाणी मार्गाने मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि झालेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. फौजदारी मार्गाने सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी ६३ व्या कलमाची तरतूद आहे. समीक्षेत, परीक्षणात, अभ्यासात उतारे देणे मात्र चोरी नव्हे; ती मोकळीक ५२ व्या कलमानेच दिली आहे.

लहान गावच्या लेखकाच्या सर्वांत उपयोगाचे कलम आहे ६२ वे. एरवी दावा लावायला प्रतिवादी जिथे राहतो तिथे जावे लागते. कॉपीराइटच्या दाव्यात फिर्यादी जिथे राहतो वा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयातही जाता येते. म्हणजे चोर मुंबईचा असला तरी चोपड्याच्या बाईंना दावा आपल्या जळगाव जिल्ह्यात लावता येईल आणि साक्रीच्या लेखकाला धुळ्यात.

आणि तिथे पहिला प्रश्न येईल: तुम्ही हे कधी लिहिले? त्याचे उत्तर म्हणून दिल्लीचे प्रमाणपत्र असले तर उत्तमच. पण त्याच्या जोडीला खाडाखोड असलेल्या वह्या, तारखांसह ठेवलेले मसुदे, डीटीपीवाल्याला पाठवलेले ईमेल, प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहार हेही ठेवावे. पक्के टायपिंग झाल्यावर कच्च्या वह्या रद्दीत घालणारे लेखक आपला सर्वांत चांगला साक्षीदार किलोच्या भावाने विकतात.

बाईंनी एजंटाला नकार दिला आणि फॉर्म चौदा स्वतः भरला, असे धरू. प्रमाणपत्र येईल तेव्हा ते ठेवायची जागा घरात ठरलेली आहे: लोखंडी कपाटातली ती फाइल, जिच्यात सातबारा, घरपट्टीच्या पावत्या आणि पेन्शनचे कागद आहेत. त्याच फाइलमध्ये प्रकाशकाच्या कराराची प्रत ठेवावी, सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचलेली. पहिल्या मसुद्याच्या वह्या खालच्या कप्प्यात. आणि एखाद्या रविवारी भाच्याला बोलावून दाखवावे, की बाबा रे, काय कुठे आहे ते बघून ठेव. माझ्यामागे साठ वर्षे तुम्हालाच सांभाळायचे आहे.